जुन्या ऑक्टेविया आरएसचे ब्रेक : परत परत येणारी थरथर आणि मोठ्या डिस्कचा निर्णय

ब्रेक दाबला की ऐंशी ते शंभरच्या वेगाला स्टिअरिंग थरथरू लागते. चाकामागच्या ब्रेकच्या लोखंडी चकत्या, म्हणजे डिस्क, लेथवर नेऊन फेस मारून (तोंडे कापून सपाट करून) आणल्या की दोन-तीन हजार किलोमीटर गाडी शांत चालते आणि मग तीच थरथर पुन्हा सुरू होते. पुढच्या खेपेला नव्या डिस्क बसवल्या जातात, काही महिन्यांत त्याही तशाच वागू लागतात, आणि अखेर कोणीतरी सांगते की या गाडीला कंपनीचे ब्रेक पुरतच नाहीत, मोठ्या डिस्क आणि चार पिस्टनचे कॅलिपर (पिस्टनच्या जोराने ब्रेकचे पॅड डिस्कवर आवळणारे भाग) बसवल्याशिवाय हा त्रास जायचा नाही. १.८ लिटर टर्बो पेट्रोल इंजिनाची, १५० पीएस (अश्वशक्ती) ताकदीची पहिल्या पिढीची स्कोडा ऑक्टेविया आरएस भारतात २००४ साली आली, आणि आजही ती रोजच्या रस्त्यावर निगुतीने चालवणाऱ्या बऱ्याच जणांना हा सगळा क्रम ओळखीचा वाटेल. मोठ्या ब्रेकने उष्णता झेलण्याची ताकद वाढते, थरथर जात नाही. थरथरीचे मूळ तसेच ठेवून बसवलेली ३१२ मिलिमीटरची डिस्कही तितक्याच किलोमीटरनंतर थरथरू लागते, फक्त तोवर खिसा बराच हलका झालेला असतो.

चौथ्या पिढीची फोक्सवॅगन गोल्फ, पहिली ऑडी ए३ आणि पहिली ऑडी टीटी ज्या प्लॅटफॉर्मवर (गाडीच्या मूळ सांगाड्यावर) बांधल्या गेल्या, त्याच प्लॅटफॉर्मवर ही ऑक्टेविया बांधलेली आहे, आणि छत्रपती संभाजीनगरजवळच्या (तेव्हाच्या औरंगाबादजवळच्या) शेंद्रा येथील कारखान्यात २००१ पासून ऑक्टेवियाची जुळणी सुरू झाली. त्यामुळे ब्रेकचे अनेक सुटे भाग एका गाडीचे दुसरीला चालतात, ही मोठीच सोय आहे. मात्र घोटाळाही नेमका इथेच होतो. या प्लॅटफॉर्मवर पुढच्या डिस्क २५६, २८०, २८८ आणि ३१२ मिलिमीटर अशा वेगवेगळ्या मापांच्या येतात, आणि वीस वर्षांत चार हात बदललेल्या गाडीवर सध्या कोणते माप बसलेले आहे हे कागदपत्रांवरून ठरवता येत नाही. सुटे भाग मागवण्याआधी चाक काढून व्यास आणि जाडी दोन्ही मोजून घ्यावीत. २८० ची डिस्क नवी असताना २२ मिमी जाड असते, तर २८८ आणि ३१२ च्या डिस्क २५ मिमी जाड असतात.

तक्रार नेमकी कोणती आहे

"ब्रेक बरोबर नाहीत" या एका वाक्यात निदान तीन वेगवेगळे दोष लपलेले असतात आणि तिन्हींचे उपाय निराळे आहेत. पहिला दोष थरथरीचा. ब्रेक न लावताही स्टिअरिंग हलत असेल तर आधी चाकांचे बॅलन्सिंग आणि टायर पाहावेत, कारण तो दोष ब्रेकचा नसतो. ब्रेक लावल्यावरच स्टिअरिंग हलत असेल तर पुढच्या डिस्ककडे पाहावे. स्टिअरिंग स्थिर राहून सीटखाली आणि पेडलवर धक्के जाणवत असतील तर मागच्या डिस्कचा संशय धरावा. दुसरा दोष घाट उतरताना दिसतो आणि त्याचेही दोन प्रकार आहेत: पेडल नेहमीइतकेच घट्ट असूनही गाडी हळू होत नसेल तर पॅड तापून त्यांची पकड सुटलेली असते, आणि पेडल मऊ होऊन खाली जाऊ लागले असेल तर ब्रेक ऑइल उकळलेले असते. हा दुसरा प्रकार फार धोक्याचा आहे. पेडल एकदा खाली गेलेली गाडी थंड झाल्यावर पुन्हा ठीक वाटते म्हणून तशीच पुढे चालवू नये.

तिसरा दोष म्हणजे पेडल दगडासारखे कडक लागणे. टर्बो इंजिनात बूस्टरला (पायाचा जोर वाढवून देणाऱ्या भागाला) निर्वात पुरवणारी नळी, तिच्यातला एकेरी व्हॉल्व्ह आणि जोडावरची रबरे जुनी झाली की गळती होते आणि बूस्टरची मदत कमी पडते. तपासणी सोपी आहे: इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबावे, शेवटच्या खेपेला दाबून धरावे आणि इंजिन सुरू करावे. पेडल पायाखाली थोडे खाली सरकले तर बूस्टर काम करतो आहे. सरकले नाही तर आधी नळी आणि व्हॉल्व्ह पाहावेत. या एका कारणाने ज्यांच्या पायाला ब्रेक अपुरे वाटतात, त्यांनी मोठ्या डिस्कचा विचारही करू नये.

थरथर परत का येते

गॅरेजमध्ये सहसा "डिस्क वाकली" असे सांगितले जाते. रस्त्यावर चालणाऱ्या गाडीची ओतीव लोखंडाची डिस्क खरोखर वाकल्याचे फार क्वचित दिसते. थरथर येते ती डिस्कची जाडी सगळीकडे सारखी न राहिल्यामुळे. जाड भाग पॅडमधून जाताना पिस्टन किंचित मागे ढकलला जातो, पातळ भाग जाताना पुढे येतो, आणि ब्रेकचा जोर चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात कमी-जास्त होतो. २०५/५५ आर १६ टायरचा घेर दोन मीटरच्या आतबाहेर असतो, म्हणजे ताशी शंभर किलोमीटरला चाक सेकंदाला सुमारे चौदा वेळा फिरते. पुढचे सस्पेन्शन नेमकी अशीच कंपने लवकर उचलते आणि म्हणून चाळीसच्या वेगाला न जाणवणारा दोष शंभरला हातात येतो. जाडीतला एक-दोन शतांश मिलिमीटरचा फरकही स्टिअरिंगवर कळू शकतो. तो डोळ्यांना दिसत नाही, बोटाला लागत नाही आणि साध्या व्हर्निअरवर मिळतही नाही. त्यासाठी मायक्रोमीटरने डिस्कच्या घेरावर आठ जागी जाडी घ्यावी लागते.

जाडीतला हा फरक तयार होतो दोन वाटांनी. पहिली वाट हबची, म्हणजे डिस्क आणि चाक ज्यावर बसतात त्या फिरत्या भागाची. डिस्क हबच्या तोंडावर सपाट बसलेली नसेल तर फिरताना ती डुलते, आणि ब्रेक न लावता गाडी चालत असतानाही डुलणारा भाग दर फेऱ्याला पॅडला हलकेच घासून जातो. एका फेऱ्यात काहीच होत नाही. पण एका किलोमीटरला पाचशे फेरे धरले तर दोन हजार किलोमीटरमध्ये तोच भाग दहा लाख वेळा घासला जातो आणि पातळ होतो. नव्या डिस्क घालूनही काही महिने शांततेत जातात आणि मग त्रास परततो, तो याच कारणाने. लेथवर फेस मारून आणलेली डिस्क त्याच गंजलेल्या हबवर बसवली की नवा झीजक्रम त्याच दिवसापासून सुरू झालेला असतो.

एका स्नेह्याच्या गाडीवर हे अगदी स्पष्ट पाहायला मिळाले. डिस्क हबला एकाच लहान स्क्रूने धरलेली असते, म्हणून चाकाचे पाचही बोल्ट वॉशर घालून आवळून डिस्क हबवर पूर्ण दाबली आणि डायल गेजचे (बारीक डुलणे काट्यावर दाखवणाऱ्या मापकाचे) टोक डिस्कच्या कडेपासून सेंटिमीटरभर आत टेकवले. हाताने डिस्क फिरवताना काटा ०.१२ मिलिमीटर हलत होता. रस्त्यावरच्या गाडीला तो ०.०५ च्या आत असायला हवा. डिस्क उतरवली तेव्हा स्क्रूच्या भोकाजवळ, नखाएवढ्या जागेत, गंजाची एक पापडी हबला घट्ट चिकटलेली दिसली. डिस्कच्या आतल्या तोंडावर तिचा तितकाच चकचकीत ठसा उमटला होता. हबचे तोंड डिस्कच्या साधारण निम्म्या व्यासाचे असल्यामुळे तिथला दोष कडेला पोहोचेपर्यंत दुप्पट होतो. पापडी खरवडून, तोंड वायर ब्रशने आणि नंतर पॉलिश पेपरने धातू दिसेपर्यंत साफ करून तीच डिस्क परत बसवली, तेव्हा काटा ०.०३ वर आला. नवी डिस्क घेण्याआधी हे अर्ध्या तासाचे काम प्रत्येकाने करावे, किंवा आपल्यासमोर करून घ्यावे. कोकणात किंवा मुंबईत खाऱ्या हवेत राहणाऱ्या गाड्यांना तर ते टाळताच येत नाही.

साफसफाईनंतरही काटा जास्त हलत असेल तर डिस्क हबवर एक-एक भोक पुढे फिरवून परत मोजावे. हबचा आणि डिस्कचा दोष एकमेकांना छेद देतील अशी जागा पुष्कळदा सापडते. कुठल्याच जागी फरक पडला नाही तर डिस्क काढून हबचे तोंड स्वतंत्र मोजावे आणि बेअरिंगमधला सैलपणा पाहावा.

याच्या जोडीला चाकाचे बोल्ट येतात. या गाडीला त्यांचा टॉर्क, म्हणजे आवळण्याचा जोर, १२० न्यूटन-मीटर आहे. टायरच्या दुकानात हवेच्या गनने एक बोल्ट कमी आणि दुसरा त्याच्या दुपटीने आवळला गेला तर डिस्कची बैठक असमान दाबली जाते आणि वर वर्णन केलेले डुलणे साफ हबवरही सुरू होते. गनने फक्त टेकवून शेवटचे आवळणे टॉर्क रेंचने, एक सोडून एक अशा क्रमाने करायला सांगावे. दुकानात टॉर्क रेंच नसेल तर आपला सोबत न्यावा. गाडी पंक्चरसाठी उभी राहिली आणि त्यानंतर महिन्याभरात थरथर सुरू झाली, अशी तक्रार असेल तर पहिला संशय इथे धरावा.

पॅडचा थर आणि खालापूरचा टोलनाका

दुसरी वाट पॅडची आहे. पॅडचा अतिशय पातळ थर डिस्कवर चढलेला असतो आणि ब्रेकची बरीचशी पकड या थराची पॅडशी होणारी असते. हा थर सगळीकडे सारखा चढला पाहिजे. तापलेली डिस्क एका जागी थांबवून पेडल दाबून धरले की पॅडच्या आकाराचा जाड डाग तिथेच उमटतो, पुढे प्रत्येक ब्रेकिंगला तो डाग जास्त तापतो, आणि फार तापला तर खालच्या ओतीव लोखंडात सिमेंटाइटची (लोखंड आणि कार्बनच्या संयुगाची) कठीण गाठ तयार होते. ही गाठ आजूबाजूच्या लोखंडापेक्षा हळू झिजते, फेस मारल्यावरही खोलवर उरते आणि काही दिवसांनी पुन्हा उंच होऊन बसते. निळसर-काळे ठिपके पडलेली डिस्क म्हणूनच लेथवर नेण्यात अर्थ नसतो, ती बदलावी.

द्रुतगती मार्गाने मुंबईकडे येताना हे कसे घडते ते पाहण्यासारखे आहे. बोरघाट टॉप गिअरमध्ये, पाय ब्रेकवर ठेवून उतरला जातो, उतार संपतो तोवर डिस्क चांगल्याच तापलेल्या असतात, आणि थोड्याच वेळात खालापूरच्या टोलनाक्याच्या रांगेत गाडी थांबते व पाय पेडलवर दाबलेलाच राहतो. घाट तिसऱ्या, गरज पडली तर दुसऱ्या गिअरमध्ये उतरावा, ब्रेक हलका आणि सतत न लावता थोडा वेळ ठाम दाबून पूर्ण सोडावा, म्हणजे दोन दाबांच्या मध्ये डिस्कला वारा मिळतो. रांगेत सपाट जागा असेल तर पेडल सोडून गाडी नुसती उभी राहू द्यावी आणि अधूनमधून हातभर पुढे घ्यावी. घाटाखाली पोहोचल्या पोहोचल्या गाडी धुवायला लावण्याची, किंवा तापलेल्या चाकांवर पाणी ओतण्याची सवय तर पूर्ण सोडावी. लाल व्हायच्या बेतात आलेल्या ओतीव लोखंडावर गार पाणी पडले की बारीक भेगा पडतात.

नव्या पॅडना डिस्कशी जुळवून घेण्याचे काम, ज्याला सगळे बेडिंग म्हणतात, आपल्याकडे बहुधा केलेच जात नाही. गॅरेजमधून गाडी निघते आणि पहिलाच जोराचा ब्रेक सिग्नलला लागतो. पॅड बनवणाऱ्याने स्वतंत्र पद्धत दिली असेल तर तीच पाळावी. दिली नसेल तर पहाटे, मागे-पुढे वाहन नसलेल्या सरळ रस्त्यावर ताशी ऐंशीवरून तीसपर्यंत मध्यम दाबाने वेग उतरवावा, गाडी पूर्ण थांबवू नये, अर्धा-एक किलोमीटर जाऊन तेच परत करावे, आणि असे आठ-दहा वेळा झाले की दहा-पंधरा मिनिटे ब्रेकला शक्यतो हात न लावता गाडी फिरवून सगळे थंड होऊ द्यावे. डिस्कवर घेराभर एकसारखी करडी-निळसर झाक आलेली दिसते. ती पट्ट्यापट्ट्यांची दिसत असेल तर कॅलिपर सरकतात की नाही ते तपासावे.

घाटातली उष्णता किती, आणि ती कोण झेलते

प्रवासी आणि सामानासह १,५०० किलो वजनाची गाडी ताशी शंभर किलोमीटरवरून थांबवताना ब्रेकना सुमारे ५८० किलोज्यूल ऊर्जा गिळावी लागते; ताशी साठवरून थांबवताना केवळ २०८. यातला सत्तर टक्के भार पुढच्या दोन डिस्कवर जातो असे मानले आणि एक डिस्क सात किलोची धरली, तर शंभरवरून एकदा थांबताना तिचे तापमान साठ-पासष्ट अंशांनी चढते. शहरात हे काहीच नाही, कारण पुढच्या सिग्नलपर्यंत ती निवलेली असते. महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरताना मात्र गाडी १,२०० मीटरांहून अधिक खाली येते. ही सगळी ऊर्जा ब्रेकनीच झेलायची म्हटली तर ती १७,६०० किलोज्यूलच्या घरात जाते, म्हणजे शंभरवरून शून्यावर तीस वेळा थांबण्याइतकी. इंजिनाचा ओढा आणि वाऱ्याचा अडथळा यांनी त्यातला वाटा उचलायचा की नाही हे गिअर ठरवतो, आणि म्हणूनच योग्य गिअर हा या गाडीला मिळणारा सगळ्यात मोठा आणि फुकटचा ब्रेक आहे.

उरलेली उष्णता पॅडमधून पिस्टनकडे आणि तिथून ब्रेक ऑइलकडे जाते. हे तेल हवेतले पाणी शोषते आणि पाणी मिसळले की त्याचा उत्कलनबिंदू झपाट्याने खाली येतो. मानकानुसार नवे डॉट ३ किमान २०५ अंश सेल्सिअसला उकळते, पाणी मिसळलेले १४० ला. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५, तर डॉट ५.१ साठी २६० आणि १८० आहेत. आपल्या चार महिन्यांच्या पावसाळ्यात तेल दोन वर्षांपेक्षा जास्त ठेवू नये, आणि घाटात नियमित जाणे असेल तर दरवर्षी बदलावे. चांगल्या कंपनीचे सीलबंद डॉट ४ किंवा डॉट ५.१ दोन्ही चालतात आणि एकमेकांत मिसळले तरी बिघडत नाही. डॉट ५ हे नाव सारखे वाटले तरी ते सिलिकोनचे तेल असते. ते या गाडीत घालू नये. उघडून ठेवलेल्या डब्यातले उरलेले तेल पुढच्या वर्षी वापरू नये.

तेल बदलताना जुन्या गाडीत एक गोष्ट सांभाळावी लागते. मास्टर सिलिंडरच्या नळीचा जो भाग रोजच्या वापरात कधी येत नाही, तिथे गंज आणि चिकटा साचलेला असतो. तेल बदलल्यावर नळ्यांतली हवा काढताना पेडल तळापर्यंत दाबले की आतली सील त्या खरबरीत भागावरून घासून जाते, आणि दुसऱ्या दिवसापासून पेडल दाबून धरल्यावर हळूहळू खाली सरकू लागते. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवून निम्म्याच चालीने दाबावे, किंवा दाबयंत्राने हवा काढावी. एबीएसच्या (जोराच्या ब्रेकमध्ये चाके अडकू न देणाऱ्या यंत्रणेच्या) युनिटमध्ये हवा शिरली असेल तर नुसत्या पेडलने ती निघत नाही. डायग्नोस्टिक केबल लावून युनिटचा पंप चालवावा लागतो.

पुढचे-मागचे रबरी होज (तेलाच्या लवचिक नळ्या) वीस वर्षांचे असतील तर ते निमूटपणे बदलावेत. बाहेरून ठीक दिसणारा होज आतून फुगून अरुंद होतो, पेडलच्या जोराने तेल कॅलिपरकडे जाते पण परत यायला वेळ लावते, आणि पॅड डिस्कला घासत राहतात. स्टीलच्या जाळीचे होज घेतले तर पेडल थोडे ठाम लागते. मात्र ते प्रमाणित आणि योग्य लांबीचे असावेत, आणि स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवून ते कुठे ताणत किंवा टायरला घासत नाहीत ना हे पाहावे.

मागच्या कॅलिपरचा जुना रोग

या प्लॅटफॉर्मच्या मागच्या कॅलिपरवर हँडब्रेकचा एक तरफ असतो आणि त्याची दांडी पाणी शिरून गंजते, हे जगभरच्या गाड्यांवर दिसलेले आहे. हँडब्रेक सोडल्यावर तरफ पूर्ण परत आला नाही की मागचे पॅड सतत घासत राहतात, मागची चाके तापतात, मायलेज पडते, आणि दुसऱ्या बाजूचा कॅलिपर ठीक असेल तर गाडी ब्रेक लावताना एका अंगाला ओढते. केबल सोडून तरफ हाताने फिरवून पाहावा. स्प्रिंगच्या जोराने तो आपल्या टेकूवर खाडकन परत आला पाहिजे. दहा-पंधरा किलोमीटर हलके ब्रेक लावत गाडी चालवून इन्फ्रारेड थर्मामीटरने डाव्या-उजव्या डिस्कचे तापमान ताडून पाहिले, तर अडकलेला कॅलिपर लगेच कळतो. मागचा पिस्टन क्लॅम्पने सरळ दाबून आत ढकलू नये, त्याने हँडब्रेकची आतली यंत्रणा मोडते. तो दाब देत घड्याळाच्या दिशेने फिरवत आत न्यायचा असतो. पावसाळ्यात गाडी आठवडाभर उभी ठेवायची असेल तर सपाट जागी गिअरमध्ये ठेवून चाकाला अडण लावावे आणि हँडब्रेक सोडून द्यावा, म्हणजे पॅड गंजलेल्या डिस्कला चिकटत नाहीत.

पुढचा कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या गाइड पिना बोटांनी सहज सरकल्या पाहिजेत. त्यांच्या रबराला साधे खनिज ग्रीस लावले की रबर फुगते आणि कॅलिपर अडकतो. सिलिकोनचे ग्रीस, तेही पुसट लावावे. साफ करायला पेट्रोल किंवा रॉकेल मुळीच वापरू नये.

मोठी डिस्क केव्हा घ्यावी

एवढे सगळे ठीक केल्यावर जी गाडी समोर येते तिच्यावर निर्णय घ्यावा. पूर्ण जोर लावल्यावर एबीएस चालू होत असेल, तर टायरच्या पकडीपेक्षा जास्त ब्रेक या गाडीत आधीच आहे, आणि मोठ्या डिस्कने पहिल्या थांबण्याचे अंतर कमी होणार नाही. ते टायर कमी करतो. कोरड्या रस्त्यावर पकडीचा गुणांक ०.९ असेल तर ताशी शंभरवरून थांबायला सुमारे ४४ मीटर लागतात. टायर जुना होऊन कडक झाला आणि गुणांक ०.७ वर आला की ५६ मीटर. टायरच्या बाजूवर छापलेल्या चार आकड्यांत पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे असतात. नक्षी कितीही शिल्लक असली तरी जुन्या टायरवर मोठे ब्रेक बसवण्यात हशील नाही.

त्यानंतर पॅड. युरोपातल्या ईसीई आर ९० मानकाची खूण असलेले, रस्त्यासाठी बनवलेले चांगले पॅड घ्यावेत. रेसिंगचे पॅड थंड असताना पकडतच नाहीत, आणि सकाळी सोसायटीच्या फाटकातून निघणाऱ्या गाडीचे ब्रेक थंडच असतात.

तरीही घाटात जोराने गाडी चालवताना, योग्य गिअर, ताजे तेल आणि चांगले पॅड असूनही पकड सुटत असेल, किंवा इंजिनाची ताकद वाढवलेली असेल, तर मोठ्या डिस्कला खरा अर्थ आहे, आणि मग याच प्लॅटफॉर्मची ३१२ मिमीची डिस्क ही मला सर्वांत शहाणी निवड वाटते. गाडीवर २८८ ची व्यवस्था असेल तर ५४ मिमी पिस्टनचा तोच कॅलिपर चालतो. बदलायचे ते कॅलिपरला धरणारे कॅरिअर आणि डिस्क. गाडीवर २५६ किंवा २८० ची व्यवस्था असेल तर कॅलिपरही बदलावे लागतात आणि खर्चाचे गणित बदलते. १५ इंची रिममध्ये ३१२ ची डिस्क मावत नाही. किमान १६ इंच लागतात, आणि तेही कॅलिपर आणि रिम यांच्यातले अंतर चाक प्रत्यक्ष बसवून, हाताने फिरवून पाहिल्याशिवाय गृहीत धरू नये. मागची पत्र्याची ढाल डिस्कला घासत असेल तर ती किंचित मागे वळवावी, कापून टाकू नये.

३१२ च्या डिस्कने पॅडची पकड मध्यापासून सुमारे १२ मिमी दूर जाते, म्हणजे त्याच पेडलच्या जोरात पुढचा ब्रेक साधारण दहा टक्क्यांनी वाढतो. एवढा बदल गाडी सहज पचवते. चार पिस्टनच्या किटमध्ये मात्र हिशेब नीट मांडावा लागतो. सरकत्या कॅलिपरमध्ये एका पिस्टनचे क्षेत्रफळ धरायचे असते आणि चार पिस्टनच्या कॅलिपरमध्ये एकाच बाजूच्या दोघांचे. ५४ मिमीच्या पिस्टनचे क्षेत्रफळ सुमारे २,२९० चौरस मिलिमीटर आहे. किटमध्ये एका बाजूला ४० मिमीचे दोन पिस्टन असतील तर ते २,५१० च्या वर जाते, आणखी दहा टक्के. मोठी डिस्क आणि मोठे पिस्टन मिळून पुढचा ब्रेक वीस टक्क्यांहून जास्त वाढतो, पेडलची चाल लांबते, पुढची चाके लवकर एबीएसवर येतात आणि मागचे ब्रेक आपला वाटा उचलायच्या आतच गाडी टायरच्या मर्यादेला पोहोचते. अशा गाडीचे थांबण्याचे अंतर आधीपेक्षा वाढूही शकते. किट विकणारा पिस्टनची मापे सांगत नसेल तर ते घेऊ नये. भोके पाडलेल्या डिस्क दिसायला छान असल्या तरी उष्णतेने भोकांच्या कडांना भेगा पडतात. रस्त्यासाठी साधी हवेशीर (मधून हवा खेळणारी) डिस्क पुरेशी आहे.

काम झाल्यावर विमा कंपनीला बदलाची लेखी माहिती द्यावी. रोलरवर ब्रेक तपासणारे केंद्र जवळ असेल तर डाव्या-उजव्या बाजूचा जोर तिथे ताडून घ्यावा. पहिल्या शंभर किलोमीटरनंतर चाकांचे बोल्ट टॉर्क रेंचने परत तपासावेत, तेलाची पातळी आणि होजचे जोड पाहावेत. हजार किलोमीटरनंतर डायल गेज पुन्हा लावावे आणि आकडा लिहून ठेवावा, म्हणजे थरथर कधी परतलीच तर ती हबपासून सुरू झाली की पॅडच्या थरापासून, हे अंदाजाने ठरवावे लागत नाही. आकडा ०.०५ च्या आत आहे, जाडी सगळीकडे सारखी आहे आणि तरीही स्टिअरिंग हलत असेल, तर डिस्क सोडून पुढच्या सस्पेन्शनच्या खालच्या आर्मचे मागचे बुश (रबरी जोड) पाहावेत. ते फाटलेले असतील तर ब्रेकमधला अगदी लहान फरकही मोठा होऊन हातापर्यंत येतो.